दोरीपलीकडची खुर्ची

सोमवार, ७ ऑक्टोबर
पोचलो, आणि स्वारी खूश आहे. खोली झकास: पूर्वेला खिडकी, टेबल डळमळत नाही. कपाटाचं दार मात्र काटकोनात नाही. ते उद्या मीच बसवेन. काम असं की, या भागातल्या लहानमोठ्या संग्रहालयांत आणि जुन्या वास्तूंत फिरायचं, चित्रांच्या चौकटी नि काचा दुरुस्त करायच्या, आणि वस्तूंखालच्या माहितीच्या पाट्या तपासायच्या. पाट्यांचं काम मीच मागून घेतलं. जन्मभर फ्रेमचं दुकान चालवलं, लोकांना काचेमागे बसवलं. इतिहास मात्र माझा मी वाचून शिकलो. पदवी नाही, पण नजर आहे. मुख्य कार्यालयातल्या बाईंना हे आल्या आल्याच सांगून टाकलं. त्या बरं म्हणाल्या.

लेकीचा फोन आला. आई गेल्यापासून सांगतेय, इकडे या, खोली रिकामी पडलीय. तर तुम्ही निघालात गावोगाव खिळे ठोकत! मी म्हटलं, कुणाच्या गळ्यात पडणारा माणूस नव्हे मी. सत्तावीस तारखेच्या रविवारी येतो, पाहुणा म्हणून. ती म्हणाली, या हो, दाराची मापं घ्यायला तरी या.

गुरुवार, १० ऑक्टोबर
किल्ल्यातलं शस्त्रागार आणि मिठाचं जुनं कोठार झालं. शस्त्रागारात ढाल उलटी टांगलेली, मूठ पाहणाऱ्याकडे. कोठारात धान्याचं माप मिठाचं म्हणून मांडलेलं. बाईंना सांगितलं. पुन्हा बरं. पालथ्या घड्यावर पाणी.

जेवताना वाटलं, ढालीची गोष्ट बायकोला सांगितली असती तर म्हणाली असती, लढाईला तुम्हाला जायचंय का? हसू फुटलं. समोर कोणी नव्हतं, म्हणून आवरलं.

सोमवार, १४ ऑक्टोबर
आजचं ठिकाण सगळ्यांत आवडलं. नकाशे काढणाऱ्या एका माणसाचं घर. त्याची कामाची खोली होती तशी ठेवलीय: टेबल, दौत-टाक, सपाता, खुर्ची. दाराला आडवी दोरी. पाटीवर लिहिलंय, ‘हे गृहस्थ येथे एकटे राहत. जवळचे कोणी नव्हते.’ या भागात पाट्यांवर वाचलेला एवढाच मजकूर नेमका. पुढे ‘नकाशे काढत उजव्या हाताने’ आहे, ते सपशेल चूक. दौत डावीकडे, उजेड उजवीकडून, टाकाचं टोक डावखुऱ्यासारखं झिजलेलं. मी स्वतः डावरा. मला कोण फसवणार?

इथला रखवालदार रोज दार उघडण्याआधी सपाता घालून त्या खुर्चीत घटकाभर बसतो. घर शिळं दिसू नये म्हणे. बसायचं ते दाराकडे पाठ करून, आणि माणसं यायच्या आत उठायचं. बसलेला कुणाला दिसता कामा नये. का, ते त्याला ठाऊक नाही. आधीच्या रखवालदाराने सांगितलं, त्याला त्याच्या आधीच्याने.

मी म्हटलं, अहो, दाराकडे पाठ केली तर उजेड डावीकडून येतो, डावरा माणूस असा बसेलच कसा? तो म्हणाला, मग तुम्हीच बसा साहेब, तुम्हाला फार कळतं. बसलो. खुर्ची दाराकडे वळवली, टाक डाव्या हातात धरला. तेवढ्यात सहलीची माणसं जिना चढून दोरीपाशी आली. एक बाई म्हणाली, अगं बाई, अगदी जिवंत वाटतो ना! मी हसलो. ती हसली नाही. रखवालदाराचा चेहरा पांढरा पडला होता. भित्रा आहे.

जाता जाता खुर्ची मोजली. बैठक एका माणसाला फारच रुंद. एकटा राहणाऱ्याने अशी का करून घेतली असेल? हे काही उलगडलं नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर
किल्ल्यावर पुन्हा गेलो. बसमध्ये कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. शस्त्रागारात कुणी हटकलं नाही. ढालीबद्दल बाईंशी बोललो, तर त्या माझं वाक्य अर्ध्यात असताना उठून गेल्या. खानावळीत पोऱ्याने टेबल पुसलं, माझ्या हातांभोवतीनं, आणि दिवा मालवला.

माणसं उद्धट झालीत, असं वाटलं. खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून हे असंच चाललंय. म्हणूनच लक्षात यायला वेळ लागला.

रविवार, २० ऑक्टोबर
लेकीचा फोन. ती नुसती हॅलो, बाबा, हॅलो करत राहिली. मी ओरडलो. ती कुणाला तरी म्हणाली, उचलतात पण बोलत नाहीत, रुसले असतील. मग ठेवला.

मी लावला. पुन्हा तेच.

मंगळवार, २२ ऑक्टोबर
सकाळी रखवालदाराकडे गेलो. त्याच्यासमोर उभा राहिलो, खांद्याला धरून हलवलं. त्याने खांदा झटकला, माशी बसल्यासारखा. आत जाऊन खुर्चीच्या गादीवर हात ठेवला आणि तसाच मागे सरला. झाडूवालीला सांगत होता, आजपासून मला बसायला नको. ऊब आहे.

सपाता माझ्या पायात होत्या. मी घातल्या नव्हत्या.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर
स्टँडवर गेलो. लेकीच्या गावच्या बसमध्ये बसलो. खिडकीशेजारची जागा. डोळ्याला डोळा लागला एवढंच—

समोर दोरी होती. पलीकडे माणसं. एक मूल माझ्याकडे बघून रडायला लागलं. बाप म्हणाला, वेडा आहेस का, रिकामी खुर्ची ती.

मुलाला दिसतो मी. बाळा, थांब— नेलं त्याला.

रविवार, २७
आज लेकीकडे असायला हवं होतं. ताट वाढून वाट पाहिली असेल. गर्व— दुसरं काय. पाहुणा म्हणून येतो म्हणे!

पाटी बदलली. ‘डाव्या हाताने.’ माझी दुरुस्ती मान्य झाली. बाकीचं तसंच ठेवलंय. जवळचे कोणी नव्हते— मीच नेमकं म्हटलं होतं ना. चूक आहे. लेक आहे. कुणीतरी लिहा, लेक आहे.

मंगळवार
ती आली.

कार्यालयातून इथला पत्ता काढलाय. रखवालदाराला विचारत होती, चौकटी दुरुस्त करणारे, टापटीप, जरा तिरसट, माझे बाबा. तो दोरीची गाठ आवळत राहिला. तिने पाटी वाचली. मग टेबल पाहिलं. माझा चष्मा. डाव्या बाजूला, घडी घालून, मी घरी ठेवतो तसा.

बाबा, म्हणाली. हळू.

दोरीखालून आत आली. रखवालदार ओरडला, ताई, बाहेर या, तिथे नाही बसायचं! तिने ऐकलं नाही. माझीच लेक. गादीवर हात ठेवला— गरम, म्हणाली, गरम आहे हो— रडतेय—

जिन्यावर पावलं. सहल आलीय. वर येतायत.

बसू नकोस. बसू नकोस बाळा, जा— ऐकू जात नाही. उठून ढकलायला हवं. उठतो. आत्ता उठतो—

पण किती दिवसांनी कुणी इतकं जवळ— केसांना आईच्याच तेलाचा वास—

बैठक रुंद आहे. आता कळलं का ते. मी जरासा सरकलो तर दोघं—