आदल्या दिवशी टाईप केलेली कबुली

आई,

आता कोर्टाला चाकं लागली आहेत. थट्टा करत नाही. मोठी बस आहे, आत एसी, न्यायाधीशांसाठी उंच खुर्ची, संगणक, प्रिंटर आणि कोपऱ्यात मी. तू नोकरीत असतानाच गेलीस आणि तुझी जागा अनुकंपेवर मला मिळाली, त्याला बावीस वर्षं झाली. घरातलं माणूस मेल्याशिवाय सरकारला अनुकंपा सुचत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. नक्कल शाखेतून सरकत सरकत मी रीडर झालो, म्हणजे न्यायाधीशांच्या पायथ्याशी बसून फाइल पुढे करणारा आणि आदेश टाईप करणारा. जेल इतकं भरलंय की लोक पाळीपाळीने कूस बदलतात. त्यांना कोर्टात आणायला पोलीस पुरत नाहीत, म्हणून पेशीवर पेशी, तारखेवर तारीख पडत जाते. शेवटी कोर्टच जेलच्या आवारात न्यायचं ठरलं. बसवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की न्याय तुमच्या दारी आला आहे. दाराला कुलूप बाहेरून आहे, एवढं लिहायला जागा उरली नसावी.

पण खोटं कशाला बोलू, बस कामाची आहे. वर्ष वर्ष तारखेची वाट पाहणारी माणसं एका दुपारी सुटतात. एका म्हाताऱ्याने तर उतरताना बसच्या पायरीलाच नमस्कार केला. बहुतेक जण बारीकसारीक गुन्ह्यांतले, जमानत मंजूर झालेले, पण जमानत घ्यायला कोणीच न आलेले. न्यायाधीश मॅडम विचारतात, "जुर्म स्वीकार है?" समोरचा म्हणतो, "हव." आत काढलेले दिवस हीच त्याची शिक्षा धरायची आणि संध्याकाळी तो घरी. सगळे "हव"च म्हणतात, म्हणून मी माझ्यापुरती एक सोय करून घेतली. आदेश आदल्या दिवशीच टाईप करून, छापूनच न्यायला लागलो. 'अभियुक्त ने स्वेच्छा से अपराध स्वीकार किया.' खाली नाव आणि कलम तेवढं बदलायचं.

तुला हे आवडलं नसतं, मला ठाऊक आहे. आठवतं? मी सहावीत आहे, शाळा सुटली की पुरानी बस्तीतून दप्तरासकट कोर्टातल्या तुझ्या टेबलाशी येऊन बसतो, आणि तू मला कामाला लावतेस. मी मूळ कागद मोठ्याने वाचायचा, तू नक्कलेवर बोट ठेवून ताडत जायचं. एकदा मी एक अख्खं पान गाळलं. कोणाला कळणार होतं? तुझं बोट थांबलं. "काहून रे पोट्ट्या, पान काहून सोडलं?" मी म्हटलं, "सगळं सेमच तर लिहिलंय, आई." "सेम हाय? तुले काय माहीत? ज्याची पेशी होती त्याले विचारून आला का तू?" शेजारचे बाबू खो खो हसले. तू मला पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लावलंस. घरी स्वयंपाकघरात ताट पुढे सरकवून एवढंच म्हणालीस, "जेव आता. उद्या पुन्हा वाचायचं हाय तुले."

बसमध्ये एकदा एक माणूस आला, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. माझ्याच वयाचा. तेलीबांध्याकडच्या एका शाळेची मोटार त्याने चपराशाच्या सांगण्यावरून वाइंडिंगला नेली. मधल्या काळात शाळेत चोरीचा बोभाटा झाला, चपराशी फिरला आणि हा आत गेला. चौदा महिने. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "नहीं मैडम. मैं चोरी नहीं किया हूं." बसमध्ये असं कोणी बोललं नव्हतं. छापलेला आदेश माझ्या हातात होता. फुकट मिळालेला वकील चहाला गेला होता. मॅडम म्हणाल्या, "बाबूजी, जरा समझा दीजिए इनको. पांच मिनट."

मी त्याला मागच्या बाकावर बसवलं. "कबूल कर ले भैया, शाम को घर का खाना खाएगा."

"घर तो जाहूं बाबूजी, फेर काम कोन दिही? मेरे को लोग छत तक, बाथरूम तक जाने देते हैं. चोर को कौन घुसाएगा?"

"अरे, ये कागज फाइल में दब जाएगा. कोई नहीं देखेगा."

"सच्ची?"

"बाईस साल से यही काम कर रहा हूं."

माझ्या तोंडून निघालेलं ते एकमेव खरं वाक्य, आणि तेच सगळ्यात मोठं खोटं. असा कागद दबत नाही. ठाण्याच्या यादीत नाव चढतं आणि पाऱ्यात, म्हणजे त्याच्या मोहल्ल्यात, कुणाची बादली हरवली तरी पहिलं दार त्याचंच वाजतं. मला हे माहीत होतं. त्याने तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा माझ्या तोंडाकडे पाहत "हव" म्हणाला.

गेल्या आठवड्यात तो कोर्टात आला. चौबे कॉलनीतल्या एका सोसायटीने त्याला मोटारींचं काम देऊ केलं होतं, पण आधी पोलिसांचा दाखला मागितला, आणि दाखल्यात चोरी निघाली. आदेशाची नक्कल काढून तो माझ्या टेबलाशी उभा राहिला, बोट ठेवून वाचत. "बाबूजी, ये स्वेच्छा से क्या होता है?"

"अपनी मर्जी से."

"मर्जी तो आपकी थी."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं. तो शांतपणे म्हणाला की वकील म्हणतो, बसमध्ये हजर असलेल्या कुणी लिहून दिलं की याला समजावून कबूल करवलं, तर वरचं कोर्ट निदान ऐकेल. "आप लिख देंगे क्या?" मी म्हटलं, सोमवारी ये. सोमवारी तो आला, आणि मी रेकॉर्ड रूमच्या दाराने निघून गेलो. मंगळवारी पुन्हा आला. आज बुधवार. तो बाहेरच्या बाकावर टिफिन उघडून बसलाय आणि मी आत, त्याच्या उठण्याची वाट बघून राहिलोय. मुलगी फोनवर विचारते, "पापा, लंच किया?" तिला काय सांगू, की मला दाराबाहेर जाता येत नाही?

लिहून दिलं तर चौकशी बसेल आणि तुझ्या मरणावर मिळालेली खुर्ची जाईल. तरी मी सकाळपासून दोनदा लिहून पाहिलं. पहिल्यांदा लिहिलं की कामाचा ताण होता. दुसऱ्यांदा लिहिलं की मॅडमना घाई होती. दोन्ही फाडले. मॅडमनी पाच मिनिटं दिली होती आणि ती संपलीही नव्हती. त्या दिवशी आमची यादी लहान होती, संगणक चालू होता, कोरे कागद ट्रेमध्ये होते. त्याच्या कागदावर पुढचं वाक्य माझ्याने उतरत नाही, म्हणून तुझ्या कागदावर लिहितो, हा काही कुठे पोचणार नाही. मला नवा आदेश टाईप करायचा कंटाळा आला होता.