निळ्या डागाचा ब्रेक पॅड

दादा,

हे पत्र तुला पाठवायचा धीर होणार नाही, म्हणून खरं तेच लिहिते.

गेल्या वर्षी तुझ्या सर्व्हिस सेंटरला तू मला झिजलेला ब्रेक पॅड दाखवलास. "तुझ्याच गाडीचा काढलाय. अजून आठवडाभर चालवली असतीस तर संपलं होतं." त्यावर निळ्या रंगाचा डाग होता. मी घाबरून सगळे ब्रेक बदलले आणि आईला म्हटलं, दादा आहे म्हणून वाचले.

आज ऑफिसातल्या मैत्रिणीला गाडी दाखवायला मीच तुझ्याकडे पाठवलं. तुझा विसरलेला डबा द्यायला मागोमाग आले, तर तू ड्रॉवरमधून तोच निळ्या डागाचा पॅड काढून तिच्या गाडीचा म्हणून तिला दाखवत होतास.

"ताई, सख्ख्या बहिणीलाही मी हेच सांगितलं असतं."

तेवढं मात्र खरं बोललास. मी डबा घेऊन तशीच मागे फिरले.

तुझी सख्खी,
धाकटी