पहिला घास यांचा

२ एप्रिल

सगळे घरात बसून आज दहा दिवस! टाळेबंदी म्हणतात हिला. मला सेहेचाळीस वर्षं झाली, फक्त माझ्या वेळी तिला नाव नव्हतं.

ही वही नातीने दिली. म्हणाली, "आजी, तू हे सगळं लिहून का काढत नाहीस?" म्हणजे — बाई गं, माझे कान सोड. कळतं मला! चौथीपर्यंतच शिकलेय, पण टोमणा ओळखायला शाळा लागत नाही. बरं तर बरं. वही मधेच उठून जात नाही.

मुलगा मागच्या खोलीत. वर इस्त्रीचा शर्ट, खाली चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. दिवसभर त्या संगणकासमोर — "माझा आवाज येतोय का? येतोय का आवाज?" मी या घरात लग्न होऊन आल्यापासून हेच विचारतेय. मला मेलं कुणी पगार दिला नाही.

सून शाळेत शिकवते. आता फोनवर शिकवते. चाळीस पोरांतली सहा दिसतात, त्यातली दोन झोपलेली. उरलेल्या वेळात ती धुते. भाजी धुते, दुधाची पिशवी धुते, किल्ल्या धुते. काल माझा चष्मा शोधत होते, तो दोरीवर वाळत होता.

आणि हे. यांचं काय लिहू? निवृत्त. म्हणजे नोकरीतून. तक्रारीतून नाही.

४ एप्रिल

यांच्या तक्रारीवरून आठवलं.

या घरात एक नियम आहे, सासूबाईंच्याही सासूबाईंपासूनचा. स्वयंपाक करणारीने चाखायचं नाही. पहिला घास घरच्या पुरुषाने घ्यायचा आणि काय कमी, काय जास्त ते सांगायचं. मग बाकीच्यांनी जेवायचं. सासरे घास घेऊन डोळे मिटायचे, आणि सासूबाई उलथणं हातात धरून निकालाची वाट बघत उभ्या. मी नवी नवरी, मला वाटलं सासऱ्यांना काही होतंय की काय!

सासरे गेले, गादी यांच्याकडे आली. आणि यांची नोकरी कसली, तर छापखान्यात मुद्रितं तपासायची. छापायच्या आधी कागदातल्या चुका लाल पेन्सिलीने काढायच्या. आधीच मर्कट! घरी यायचे तरी पेन्सिल कानावरच. "जिरं कच्चं राहिलंय." "लसूण जळलाय." "आलं जुनं आहे का?" अहो, आल्याचं वय सांगायचे!

हल्ली मात्र रोज एकच. मीठ. मीठ कमी, मीठ जास्त, मीठ बरं आहे. माणूस म्हातारा झाला की तक्रारीही थकतात बहुतेक.

७ एप्रिल

मी पुस्तक वाचतेय! मी!!

ग्रंथालय बंद, यांची आणलेली पुस्तकं संपली, म्हणून घरातलीच जुनी काढून बसतात. सकाळपासून पुस्तकात तोंड. मी म्हटलं, एक मलाही द्या. यांनी लाल पुठ्ठ्याची सगळ्यात जाड कादंबरी दिली. "घे. वर्षभर पुरेल तुला."

वर्षभर म्हणे! तीन दिवसांत साठ पानं झाली. बोट धरून वाचते, ओठ हलतात, नात हसते. हसू दे. एक बाई आहे, हरवलेल्या भावाला शोधायला बोटीने निघते. वादळ येतं, खलाशी भांडतात, सगळं होतं — पण साठ पानांत ती बाई एकदाही जेवली नाही. एकदाही! लिहिणारा नक्की पुरुष असणार. ताट समोर आयतं येतं, त्याला वाटतं ते उगवतं.

८ एप्रिल

पान ७४. अजून उपाशी.

९ एप्रिल

सुनेने आज मसाल्याच्या सगळ्या बरण्या साबणाने धुतल्या. वरच्या चिठ्ठ्याही धुऊन निघाल्या. आता सोळा बरण्या ओळीने उभ्या, कोण कुणाची कोण! "आई, तुम्हाला वासाने कळतंच की." कळतं बाई. पण तिचाच दुसरा कायदा — भाजीवाला येऊन गेला की तासभर घरातसुद्धा मास्क. स्वयंपाकघरातही. तोंडावर फडकं बांधून कांदा परतते. कुणी पाहिलं तर म्हणेल, घरात चोर शिरलाय आणि वांगी चिरतोय.

जेवताना हे म्हणाले, "मीठ जरा कमी."

मला काय झालं कोण जाणे, म्हटलं, "अहो, चार वर्षं झाली तेच ते मीठ. काहीतरी नवीन काढा! की गाढवाला गुळाची चव काय?"

मुलगा हसला. सून ताटात बघायला लागली. हे पुढचा घास घेऊन चावत बसले.

१० एप्रिल

काय झालं ते नीट लिहिते.

सकाळी बटाट्याची भाजी टाकली. भाजीवाला नुकताच गेलेला, तोंडावर मास्क. डाव्या हातात पुस्तक, कारण बोटीला आग लागली होती आणि ती बाई खालच्या मजल्यावर अडकलेली! उजव्या हाताने बरणी उघडली, तपकिरी पूड, जिऱ्याची म्हणून चांगली दोन चमचे घातली.

वाढलं. पहिला घास यांचा. यांनी घास घेतला, डोळे मिटले अगदी सासऱ्यांसारखे, आणि माझ्याकडे बघून जरा ऐटीतच म्हणाले, "जिरं जरा जास्त झालंय."

नवीन काढलं होतं ना! माझ्यासाठी!

मग नातीने घास घेतला. "ई! आजी, हे काय? केकसारखं लागतंय!" मुलाने घेतला. सुनेने वास घेतला. ती दालचिनी होती. दोन चमचे दालचिनी, बटाट्यात!

मी हसायलाच लागले. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा रंगेहाथ सापडले हे! नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाला दालचिनी कळली नाही! मी म्हटलं, "बघा, बघा, परीक्षक बघा!"

मग लक्षात आलं की माझ्याशिवाय कुणीच हसत नाहीये.

मुलगा म्हणाला, "बाबा, वास येतोय ना तुम्हाला?"

"येतो की."

मुलाने लसणाची पाकळी ठेचून यांच्या नाकाशी धरली. "डोळे मिटा. काय आहे सांगा." यांनी दोनदा हुंगलं. मग म्हणाले, "लिंबू?"

सून उठून लांब उभी राहिली, नातीला मागे ओढून. वास जाणं म्हणजे तोच आजार, रोज बातम्यांत सांगतात. अर्ध्या तासात यांची गादी पुस्तकांच्या खोलीत, दार बंद. ताट उंबऱ्यापाशी ठेवायचं आणि मागे सरायचं.

मी हसले होते.

११ एप्रिल

तपासणीवाले येऊन गेले. नखशिखान्त प्लास्टिकमध्ये. यांच्या नाकात काडी घातली. तीन दिवसांनी कळेल म्हणाले.

ताप नाही. खोकला नाही. दाराबाहेरून विचारलं, "कसं वाटतंय?" म्हणाले, "दार लावलंय तरी तुझा आवाज येतोय, म्हणजे ठीक आहे." मरोत ती बोलणी. गोड लागली.

गाढव म्हटलं मी त्यांना. काय ही जीभ! उचलली आणि लावली टाळ्याला.

१२ एप्रिल

वाचलं नाही. बोट जळू दे.

१४ एप्रिल

नाही! नाही! आजार नाही! डॉक्टरांचा फोन आला. सुनेने मला मिठी मारली आणि मग जाऊन हात धुतले.

पण मुलगा म्हणतो, आजार नाही तर वास कुठे गेला? दोन दिवसांनी पुन्हा तपासायचं, तोवर दार बंदच.

१५ एप्रिल

दुपारी सगळे आपापल्या डब्यांसमोर बोलत होते. मी यांच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले. म्हटलं, खरं सांगा.

आत पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "चार वर्षं झाली."

चार वर्षांपूर्वी हे वरच्या फळीवरची पुस्तकं काढताना या असल्याच स्टुलावरून पडले होते. डोक्याला मागे तीन टाके. टाके भरले, आम्ही विसरलो. यांचा वास तेव्हाच गेला. मीठ, साखर, आंबट, तिखट एवढं जिभेला कळतं. बाकी, म्हणाले, "कागद चावल्यासारखं."

चार वर्षं! रोज दोन वेळा! मी भाज्या निवडतेय, मसाले भाजतेय, आणि हा माणूस कागद चावतोय!

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू कुणासाठी रांधलं असतंस?"

मी म्हटलं, "घरात आणखी तीन माणसं आहेत."

"ती काय, काहीही खातात."

मग आवाज जरा बारीक करून म्हणाले, "नावं ठेवायचं थांबवलं असतं तर तुला लगेच कळलं असतं. मीठ तेवढं कळतं मला, म्हणून मीठ. मागे एकदा बिघडली होती डाळ, ती तुझं तोंड बघून ओळखली. तुझी मान खाली होती." वर आणि म्हणतात, "चूक काढायला चव लागत नाही गं. सवय लागते. छापखान्यात अर्ध्या पुस्तकांचा अर्थ कुठे कळायचा मला?"

मी इतकी चिडले की स्टूल उचलून स्वयंपाकघरात आले. मग परत गेले आणि विचारलं, "तुम्ही पुस्तकात तोंड घालून बसता ते माझं तोंड नको म्हणून ना?"

"नाही," म्हणाले. "त्यात वास असतात."

यावर काय बोलणार! गप्प बसले. मी! तारीख घालून ठेवावी.

१७ एप्रिल

दुसरी तपासणीही चांगली आली. डॉक्टर फोनवर म्हणाले, डोक्याला मार लागून असं होतं, आता परत येणं कठीण. हे बाहेर आले. नात म्हणाली, "आजोबा, म्हणजे शेपूची भाजी छान झालीय म्हणून मला खायला लावायचात, ते सगळं नाटक?"

जेवायला बसले. घास घेतला. काही बोलले नाहीत. काहीच! मी उलथणं धरून उभी. "अहो, बोला की काहीतरी."

"आता काय बोलू? सगळ्यांना माहितेय."

इतकं बेचव जेवण या घरात कधी झालं नव्हतं.

१९ एप्रिल

सासूबाई, माफ करा. आज मी चाखलं!

गॅसपाशी उभी राहून, चमच्याने, पहिला घास मी घेतला. वर वीज वगैरे कोसळली नाही. मग यांच्याजवळ बसले आणि सांगितलं. पण सांगायचं कसं? "चांगली झालीय." हे म्हणाले, "चांगली म्हणजे कशी?" सेहेचाळीस वर्षं रांधलं, पण चव शब्दांत सांगायची वेळ कधी आली होती? ते खातं यांचं.

मग मला ती जाडी कादंबरी आठवली. त्यात बोट, वारा, दोर, सगळं कसं वासासकट लिहिलंय (जेवण सोडून). तसं करून बघितलं. म्हटलं, "कांदा तळाशी लालसर झालाय, पाऊस पडणार असला की लाकडाला येतो तसा वास आहे. वर जिरं. जिरं म्हणजे उन्हात तापलेलं पोतं." हे हसले. "पोतं?" पण डोळे मिटले होते. घास नेहमीपेक्षा सावकाश चावला.

मग म्हणाले, "वाटाण्याचं सांगितलं नाहीस."

बघा! काढली चूक!

२४ एप्रिल

आता असा क्रम आहे. सकाळी मी चव सांगते, दुपारी मी वाचून दाखवते, हे शेंगा सोलतात. अडले की शब्द सांगतात. "ओठ हलवून वाचतेस तेच बरं, मोठ्याने वाच." सून म्हणते, "आई, तुम्ही छान सांगता हो." माझ्या शेवग्याच्या शेंगांवर तिने पोरांना निबंध घातला म्हणे. सहांनी लिहिला. झोपलेल्या दोघांनीसुद्धा!

मी खूश आहे. लिहूनच ठेवते. बाहेर जग आजारी, आणि मी लग्नानंतर इतकी खूश कधी नव्हते. याला काय म्हणावं? निर्लज्जपणा म्हणावं.

पान ३११. तिने बिस्कीट खाल्लं! एक!

२८ एप्रिल

दूध करपलं. पातेलं काळं, धूर बाहेरच्या खोलीपर्यंत. आम्ही दोघं गॅसपासून पाच हातांवर, शेवटच्या पानांशी — भाऊ सापडायच्या बेतात. नात ओरडत आली, "आजी! केवढा वास सुटलाय!"

यांनी माझ्याकडे पाहिलं. यांना येत नाही, हे माहीतच आहे.

मलाही आला नव्हता.

३० एप्रिल

आता पुस्तकांच्या खोलीत मी. अंग तापलंय. ताट उंबऱ्यापाशी. भाजी सुनेने केलीय. बटाट्याचीच.

दाराबाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. यांनी आपल्या ताटातला पहिला घास घेतला असणार, कारण जरा थांबून म्हणाले, "ऐकतेस ना? जिरं जरा जास्त झालंय."

मी घास घेतला. म्हटलं, "हो. जरासं."