सरदारजींच्या कुत्र्याला मालिश

आई, काल एका चौदा वर्षांच्या लॅब्रॅडॉरच्या मांड्या चोळत होतो, तर त्याची मालकीण म्हणाली, "तुमच्या हाताला अजिबात घाई नाही." माझ्या हाताला. तू असतीस तर हसत सुटली असतीस.

मनीमाजऱ्याचं ते घर. वर आपण दोघं, खाली घरमालक सरदारजी, त्यांची मुलगी आणि त्यांचा म्हातारा अल्सेशियन, ज्याला मागच्या पायांवर उठताच येत नव्हतं. मी सरांशी भांडून दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलेलं, आणि त्या मुलीपायी दिवसभर जिन्यात. बाहेर अतिरेक्यांचे दिवस, कधी कर्फ्यू, कधी बसमधून खाली उतरवून झडती. तरी तू बत्तीस सेक्टरच्या हॉस्पिटलात पेशंटांचे आखडलेले गुडघे सोडवायला जायचीस, आणि परतलीस की अंगणात त्या कुत्र्याच्या रजईवर बसायचीस. मीही बसू लागलो. "तेल नको, चाटेल तो. आधी नुसता तळवा ठेव. श्वास संथ झाला की मग मांडी. हाडावर नाही." मी खिडकीकडे बघत दाबतो, तो कण्हतो, मान वळवून माझ्या मनगटाला दात लावतो, चावत मात्र नाही. आतून ती हसते, "अरे यार, पैर है उसका, आटा नहीं." तू माझा हात उचलून बाजूला ठेवतेस. "प्रेम खिडकीत कर. इथे याच्याकडे बघ." सरदारजींसमोर. मराठीत बोललीस म्हणून वाचलो.

मग त्यांनी तिला मावशीकडे कॅनडाला पाठवलं. दिवसच तसे होते, आज दोष देत नाही. तेव्हा लाथ मारून त्यांचं फाटक वाकवलं होतं. जाताना ती म्हणाली, "चिट्ठी में इसका हाल पूछूँगी. पक्का." एकही आली नाही. तुला वाटलं, आता हा काही अंगणात उतरत नाही. पण मी रोज सकाळी अकराला उतरत राहिलो, तो जाईपर्यंत, आठ महिने. शेवटी शेवटी मी पायरीवर दिसलो की तो आपणहून कुशीवर व्हायचा. एकदा तुला दुपारची ड्यूटी होती. दारात उभी राहून विचारलंस, "आता कुणासाठी रे?"

"त्याच्यासाठीच."

दुसऱ्या दिवशी तुझा मऊ टॉवेल गरम पाण्यात पिळून हातात दिलास, आणि पुढे साताऱ्याच्या मामापासून सगळ्यांना सांगत राहिलीस, पोरगं सुधारलं, मुक्या जिवासाठी घड्याळ लावून बसतं.

हे पत्र आता कुठे टाकणार, घडी करून ठेवीन. तुझी ती समजूत मी कधी मोडली नाही, एवढंच. आपल्या गल्लीत पोस्टमन अकराला यायचा.