समुद्र न दिसणारं गाव

७८६
मनामा, बहारीन
८ जुलै २०२४

चि. रेहानास,
भाईचा सलाम आणि पुष्कळ दुवा.

रोज फोन असताना भाईला पत्राची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. फोनवर तुझी भाबी शेजारी बसलेली असते, म्हणून लिहितोय. आपल्या मुरुडचा दीपेश सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय.

ऑगस्टअखेर मी गोदीतल्या कामातून निवृत्त होतो. नोकरी संपली की इथे राहायचा परवानाही संपतो. उभी हयात इथे काढली तरी पाहुणा तो पाहुणाच. मी धरून चाललो होतो की सरळ घरी येऊ. परवा जेवताना महनूर म्हणाली, दुसरा कुठलाही देश बघा, पण मुरुड नको. तिचं माहेर म्हसळा, तेही नको. मग ती तुर्कस्तान, मलेशिया असं काहीबाही बोलत राहिली आणि मी भात कालवत बसलो.

मलेशियात इपोह म्हणून गाव आहे. माझा एक जुना सोबती तिथे राहतो. त्याने फोटो पाठवले, तर महनूरने आधी समुद्र दिसतो का ते पाहिलं. नुसते डोंगर दिसले, तेव्हा तिने चष्मा काढून ठेवला. सप्टेंबरात आम्ही तिथे राहून बघणार आहोत.

मला काय हवंय ते मी तिला सांगितलेलं नाही. आपल्या पडवीत बसून संध्याकाळी होड्या परत येताना बघायच्या आहेत, बस.

मुलांना दुवा. तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा भाई,
अब्दुस्समद

७८६
मुरुड
२९ जुलै २०२४

ती. भाईंना,
रेहानाचा सलाम, वि. वि.

दीपेशने पत्र आणून दिलं. सोबतचे खजूर त्याने वाटेत चाखले असावेत, डबा हलका लागला. इकडे सगळे खुशाल आहोत. पाऊस फार, सुपारीची दोन झाडं पडली.

साठीला माणसं हजला जातात. तुम्ही स्थळं बघायला निघाल्यासारखे देश बघत फिरताय. कुठला देश पसंत पडतोय ते कळवा, म्हणजे साखरपुड्याची तयारी करते.

थट्टा सोडते. भाबींचं मला समजतं. उजैर बारावीची परीक्षा देऊन सुट्टीला आला, पोहायला उतरला, आणि दुसऱ्या दिवशी कोळ्यांनी त्याला आणलं. चौदा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर भाबी विमानात बसल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. मी अधूनमधून कब्रस्तानाच्या दगडी गडग्याबाहेर उभी राहून फातेहा पढते. तिथला चाफा आता मोठा झालाय.

तुमची खोली दर आठवड्याला उघडून झाडते. पण त्यासाठी या, असं म्हणणार नाही. फक्त तुमच्या मनातलं भाबींना एकदा सांगा. तुम्ही गप्प राहिलात तर त्यांना कसं कळणार?

तब्येत सांभाळा. धाकटीवर लक्ष असू द्यावे.
तुमची,
रेहाना

७८६
इपोह, मलेशिया
६ ऑक्टोबर २०२४

चि. रेहानास,
सलाम व दुवा.

गाव चांगलं आहे. चहूकडे चुनखडीचे उभे डोंगर, मशीद जवळ, माणसं सभ्य. बाजारात बांगडा मिळतो. महनूरने खिडक्यांना पडदे शिवले. तिला इथे गोळीशिवाय झोप लागते. मनामात असं कधी झालं नव्हतं.

गेल्या सोमवारी मी तिला बँकेत काम आहे म्हणून सांगितलं आणि बसने समुद्रावर जाऊन आलो. भरती होती. मासे उतरवत होते ते बघत बसलो. पाणी सगळीकडे सारखंच असतं, पण तिथल्या एकाही होडीचा मालक मला माहीत नव्हता.

तू लिहिलंस ते खरं आहे, पण मी काही सांगणार नाही. तिला आता झोप लागते आहे. इथेच राहायचा अर्ज करू, असं मी तिला कालच म्हणालो. आमच्या खोलीत आता तुझ्या लेकीचा अभ्यास होऊ दे.

पत्र पाठवत राहा, आठवण कमी पडू देऊ नको.
तुझा,
भाई

७८६
इपोह
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय रेहाना,
भाबीचा सलाम.

मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहिते आहे.

तुझे भाई बँकेत जातो म्हणून गेले आणि चपलांत वाळू घेऊन आले. चपला धुऊन वाळत ठेवल्या.

त्यानंतर काही दिवसांनी घरमालकीण चहाला आली. भली बाई आहे. गाव कुठलं, नोकरी काय होती, सगळं विचारून झाल्यावर तिने विचारलं, मुलं किती. मी म्हणाले, नाहीत. ती बरं म्हणाली आणि पडद्यांच्या कापडाबद्दल बोलू लागली. मला हेच हवं होतं. जिथे मला बघून कुणी बिचारी म्हणणार नाही, असा मुलूख मी शोधत होते. पण ती गेल्यावर मी तोच कप पुन्हा पुन्हा विसळत राहिले. उजैर नव्हताच, असं माझ्या तोंडून निघालं होतं.

तुझ्या भाईंना सांगितलं. ते म्हणाले, लहानपणी तो बांगडा खाताना काटे ताटाच्या कडेला ओळीने लावायचा. मी म्हणाले, आणि एकही हलवला तर रडायचा. मग आम्ही बोलतच राहिलो. इतक्या वर्षांत दोघं मिळून त्याच्याबद्दल बोललोच नव्हतो. समुद्रावर गेल्याचंही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

अर्ज करणार नाही. नोव्हेंबरात येतोय. मुरुडच्या घरात राहणं मला जमणार नाही, रेहाना, लाटा रात्रभर ऐकू येतात. म्हसळ्याला माझ्या भावाशेजारी दोन खोल्या आहेत, तिथे राहू. तुझे भाई म्हणतात, दिघीहून बोटीने खाडीपलीकडे आलं की मुरुड किती लांब, हवं तेव्हा जाऊन येईन. हसत म्हणाले, पण त्यांनी काय सोडलं ते मला कळतं. कधीतरी मीही त्यांच्याबरोबर त्या बोटीत बसेन. कधी, ते विचारू नको.

एक मागणं आहे. त्याच्याबरोबर सुट्टीत हुंदडणारी पोरं आता बाप झाली असतील. त्यांना घेऊन म्हसळ्याला ये. मला बघून त्यांनी गप्प होऊ नये. जे आठवत असेल ते सांगू दे, त्याच्या खोड्यासुद्धा. मी ऐकेन. चहा मी करीन.

आम्हा तिघांना दुवेत याद ठेव.
तुझी भाबी,
महनूर