निळ्या दस्त्याचा निष्पक्ष अहवाल

वारजे, पुणे
सोमवार

तीर्थरूप आनंद भावोजींना उत्कर्षाचा नमस्कार.

आपला गुडघा आता जिने चढू देतो का? ताईला सांगा, तिने पाठवलेलं मेतकूट यांनी एकट्याने संपवलं. (माझी तक्रार नाही. मी तक्रार करणाऱ्यांतली नाही, हे आपण जाणताच.)

आपण तोफखान्यात नोकरी केलेली, म्हणून हे आपल्यालाच सांगते. आमच्या एअर रायफल क्लबात चैताली नावाची मुलगी आहे, हिंजवडीत नोकरी करते. तिने परदेशातून रायफलीला खांद्याशी टेकवायचा नवा दस्ता मागवला. ॲल्युमिनियमचा, निळाशार, गालाची पट्टी, खांद्याची पट्टी, सगळं किल्लीने हवं तसं सरकतं. (माझा लाकडी दस्ता अकरा वर्षांचा. त्याच्यापुढे मलाच सरकावं लागतं.) वर रडारवाला वेगमापकही आणला. नळीशेजारी डबी ठेवायची, की छर्रा सेकंदाला किती मीटर वेगाने सुटला ते आकड्यांत दिसतं. क्लबाने दोन्ही घ्यावेत का, हे ठरवण्यासाठी आमचे सेक्रेटरी तात्याराव यांनी परीक्षणाचं काम मला दिलं. म्हणाले, "तुम्ही निष्पक्ष आहात." मी मान खाली घालून हो म्हटलं. अहवाल मनात तयारच होता.

शनिवारी आधी वेगमापक घेतला. चैतालीच्या रायफलीवर आकडा कधी एकशे बहात्तर, कधी तीस, कधी भलताच. काय आनंद झाला म्हणून सांगू! 'निरुपयोगी' हा शब्द मी दोनदा अधोरेखित केला. तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, पंखा बंद करू का? रडार पात्यांना पकडतंय." पंखा थांबला आणि आकडे शहाण्यासारखे वागू लागले. मग म्हणाली, "तुमचीही बघू या." बघितली. एकशे सत्तर, एकशे एकोणपन्नास, एकशे अडुसष्ट, एकशे बेचाळीस. हवेचा दाब सांभाळणारा माझा रेग्युलेटरच बिघडलेला निघाला. दोन वर्षं माझे छर्रे खाली जात होते आणि मी तिच्या अत्तराच्या वासाला दोष देत होते. (तात्यारावांकडे लेखी.)

माझी रायफल दुरुस्तीला गेली, म्हणून दस्त्याच्या परीक्षणाला तिचीच घेतली. तिने किल्ली फिरवून पट्टी माझ्या गालाला बसवली. मी दहा छर्रे सोडले. शंभरात अठ्ठ्याण्णव! अकरा वर्षांत ब्याण्णवच्या वर गेले नव्हते. मागून टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात तिच्या. भावोजी, मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

घरी येऊन लिहिलं: 'वेगमापक बरा. दस्ता साधारण, रंगामुळे लक्ष विचलित होते.' तात्यारावांनी ते क्लबाच्या ग्रुपवर टाकलं. चैतालीने खाली फक्त 'ओके ताई' लिहिलं.

बाकी क्षेम.

आपली,
उत्कर्षा

ता. क. ती आता दस्ता विकणार, असं कानावर आलंय. आपण कुणी परके गृहस्थ म्हणून तिला फोन करा आणि तो घेऊन टाका. माझं नाव येता कामा नये.

ता. क. २. फोन करू नका. पाकीट चिकटवत होते, तोच चैताली दारात. जिल्हा स्पर्धा होईपर्यंत रायफल दस्त्यासकट माझ्याकडे ठेवून गेली. म्हणाली, "तुम्हाला बसलाय, ताई. माझ्याकडे जुनी आहे." कंपनीची बस चुकेल म्हणून चहाही घेतला नाही. तात्यारावांना नवा अहवाल लिहायला बसले आहे आणि तिला चार ओळी. पहिला लिहून झाला. चार ओळी होत नाहीत. माफी कशी मागतात, ते तेवढं कळवा. ताईबरोबर बत्तीस वर्षं काढलीत, आपल्याला सराव असेल.