बाबांच्या गाडीची सीट उघडत नाही, त्याबद्दल

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (उपचार म्हणून लिहीत नाही. आज दुपारभर मी मोटरसायकलच्या मागच्या मडगार्डखाली खरोखरच आडवी होते. उताणी होते, तेवढं चालवून घे.) तुझी तब्येत, वहिनीची कंबर आणि तुमच्या नव्या घरातला गळका नळ, तिघंही बरी असतील अशी आशा आहे. इकडे आई ठणठणीत आहे आणि माझं नेहमीचंच, चहा गार होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसणं, चालू आहे.

तू कळवलंस की बाबांच्या गाडीला गिऱ्हाईक मिळालंय, रविवारी येईल, सीटखालची कागदपत्रं काढून ठेव. वाचून मला रडूच आलं. पण थोरल्या भावाचा शब्द, म्हणून किल्ली घेऊन खाली गेले. किल्ली फिरली, सीट मात्र ढिम्म. तुला यंत्रातलं काही कळत नाही (राग नको, पेट्रोल संपल्यावरही किका मारत राहणारा तूच), म्हणून सांगते. कुलपापासून सीटच्या खटक्यापर्यंत एक बारीक केबल जाते. किल्ली फिरवली की ती ओढली जाते आणि खटका सुटतो. आपली केबल झिजून सैल पडली आहे. किल्ली आपलं सांगत राहते आणि केबल नुसती ऐकून घेते, बाबा आईचं ऐकून घ्यायचे तसं.

कोपऱ्यावरच्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी सीटवर दोन गुद्दे घातले आणि म्हणाले, केबल बदलायला आधी सीट उघडावी लागेल. मग सीट उघडायला काय करावं लागेल? तर केबल बदलावी लागेल. एवढं बोलून ते जेवायला गेले आणि मी त्या दोन वाक्यांभोवती घिरट्या घालत तिथेच बसून राहिले. ऊन टाकीवरून हळूहळू सरकत होतं. लहानपणी टाकीवर मी जिथे बसायचे तिथला रंग उडालाय, तिथे हात ठेवला तर गरम लागलं. (उन्हाने, मान्य आहे.) वाटलं, आत्ता बाबा जिना उतरून येतील आणि आम्ही निघू. कुठे ते विचारायचं नसायचं, आठवतं ना?

मग सुचलं की वरून वजन पडलं तर खटका सैल होईल आणि खालून तारेने ओढता येईल. हँगर वाकवून आकडा केला आणि आईला म्हटलं, जरा सीटवर बसतेस का? आई वर गेली, केस विंचरले, बाहेरच्या चपला घातल्या आणि पर्स घेऊन खाली आली. (गाडीवर बसायचं तर पर्स नको का, हे वर मलाच.) गाडी स्टँडवर, समोर भिंत, आई एका बाजूला पाय सोडून बसलेली आणि मी खाली तारेने चाचपडतेय. मग वरून आवाज आला, "झाडं किती वाढलीत गं या रस्त्याची." मी मान वळवून पाहिलं, तर आईचे डोळे मिटलेले. थोड्या वेळाने म्हणाली, "वळणावर हळू घे." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आणि नेमका तेव्हाच खटका सुटला.

आता सीट उघडायची तर आईने उतरायला हवं. ती म्हणे, "एवढ्यात? जरा पुढे जाऊ की." मग आम्ही जरा पुढे गेलो. शेजारच्या काकूंनी जाताजाता विचारलं, कुठे निघालात? आई म्हणाली, "परत येतोय."

सीटखाली कागदपत्रं होती, पुसायचं फडकं होतं, दिवसभर जी हवी होती ती सगळी हत्यारं होती आणि प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून, नवी कोरी केबल. वर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: "सीटची केबल. तुटल्यास ताबडतोब बदलणे." मी हसता हसता रडायला लागले. आई शांतपणे म्हणाली, "कपाटाची जादा किल्लीसुद्धा ते कपाटातच ठेवायचे."

वहिनीला नमस्कार. कागदपत्रं तयार आहेत.

तुझी आज्ञाधारक,
धाकटी

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं आणि रविवार उजाडला. तुझं गिऱ्हाईक आलं. माणूस भला वाटला. त्याने चारदा किल्ली फिरवली, सीट काही उघडली नाही, बिचारा हिरमुसून गेला. (नवी केबल मेस्त्रींनी शनिवारीच बसवली होती, लोण्यासारखी चालते. रविवारी सकाळी बाजूचं कव्हर काढून तिचं टोक मीच कुलपातून सोडवलं होतं. आज्ञाधारक हा शब्द खोडून वाच.) दादा, गाडी विकू नकोस. आई आता रोज संध्याकाळी पर्स घेऊन खाली येते. पुष्कळदा आम्ही गाडी चालूसुद्धा करत नाही. रजा काढून ये, तुलाही जरा पुढे नेऊ.

ता. क. २. पिशवीत केबल एक नव्हती, दोन होत्या. उरलेली मी नीट गुंडाळून, रबर लावून जपून ठेवली आहे, ऐनवेळी शोधाशोध नको म्हणून. सीटखाली.